उत्खननाचे अंकीय अभिलेख : जतन आणि नीती

उत्खनन म्हणजे एका अर्थी मूळ पुराव्याचा नाशच होय. थर एकदा उकरला की तो पुन्हा रचता येत नाही. पुढील अभ्यासकाच्या हाती उरतात ते सापडलेले अवशेष आणि त्यांचा अभिलेख. म्हणून अभिलेखाचे जतन हे पुरातत्त्वात सोयीचे नव्हे, तर नीतीचे प्रकरण ठरते.

पूर्व लंडनमधील न्यूहॅम संग्रहालयाची पुरातत्त्वसेवा १९९८ मध्ये बंद पडली. तिचे संगणकीय अभिलेख दोनशेहून अधिक फ्लॉपी तबकड्यांच्या रूपाने यॉर्क येथील ‘आर्किऑलॉजी डेटा सर्व्हिस’ या संस्थेकडे आले. त्यांपैकी बरेच वाचता आले, सर्व नव्हे. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. तबकडी वाचता येणे निराळे आणि तीवरील संकेतांचा अर्थ लागणे निराळे. रकान्यातील ‘क ३’ हा संकेत मातीचा रंग दर्शवितो की खापराचा प्रकार, हे सांगणारी सूची नसेल, तर अक्षरे शाबूत राहूनही लेख मुका होतो. ब्राह्मी लिपीचा उलगडा प्रिन्सेपने १८३७ मध्ये केला, तोवर अशोकाच्या शिला शतकानुशतके वाट पाहत उभ्या होत्या. चुंबकीय तबकडी अशी वाट पाहत नाही.

या प्रश्नावर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेअर’ तत्त्वांचा आधार आज सर्रास घेतला जातो. माहिती शोधता यावी, मिळावी, इतर माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, हा त्यांचा आशय निःसंशय उपकारक आहे. तथापि त्यांतील एक कलम असे, की मूळ माहिती उपलब्ध नसली तरी तिचे वर्णन उपलब्ध राहावे. प्रयोगशाळेतील शास्त्राला ही तडजोड कदाचित परवडेल, कारण तेथे बहुधा प्रयोग पुन्हा करता येतो. उत्खनन पुन्हा करता येत नाही. नष्ट झालेल्या अभिलेखाचे सुबक वर्णन म्हणजे हरवलेल्या ग्रंथाची अनुक्रमणिकाच होय.

दुसरी उणीव हक्काविषयीची आहे. ज्यांच्या पूर्वजांच्या अस्थी नोंदल्या गेल्या, त्या समाजाचा अधिकार कोणता, यावर ही तत्त्वे मौन बाळगतात. २०१९ मधील ‘केअर’ तत्त्वांनी आदिवासी समाजांचा हा अधिकार स्पष्टपणे मांडून ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. स्थळाचे अचूक अक्षांश-रेखांश सर्वांस खुले केल्यास चोरट्या खोदकामास वाट दाखविली जाते, हेही विसरता येत नाही. मात्र गुप्ततेच्या नावाखाली अभिलेख कपाटात पडून राहणे, हा सुद्धा नाशाचाच एक मंद प्रकार होय. काय खुले, काय राखीव आणि किती काळ, हे कारणांसह लिहून ठेवणे हाच मार्ग उरतो.

सारांश, संकेतसूची, पुढील सांभाळ करणारी संस्था आणि त्या सांभाळाचा खर्च या तीन गोष्टी पहिली कुदळ पडण्यापूर्वी निश्चित व्हावयास हव्यात. त्या निश्चित नसताना केलेले उत्खनन कितीही शास्त्रशुद्ध असले, तरी ते अपुरेच म्हणावे लागेल.