माळावरचें एक गांव आणि त्याची शिरगणती

अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानाच्या दक्षिण सीमेलगत रेड क्लाउड नांवाचें एक लहानसें गांव आहे. 1890 सालीं त्याची वस्ती अठराशेंच्या वर होती. 2020 च्या खानेसुमारींत ती 962 भरली. त्या गवताळ माळावर अशीं ओसरत गेलेलीं गांवें पुष्कळ आहेत. यंत्रें आलीं, शेतें विस्तारलीं, आणि पूर्वीं अनेक कुटुंबें जें काम करीत तें थोडक्या माणसांवर भागूं लागलें. परंतु याच गांवास विला कॅथर या लेखिकेनें ‘ब्लॅक हॉक’ असें नांव देऊन 1918 सालीं ‘माय आन्तोनिया’ या कादंबरींत वसविलें, आणि तेथील वस्तींतून मात्र अद्याप एकही माणूस कमी झालेला नाहीं.

ही कादंबरी म्हणजे बालपणाच्या गोड आठवणींचा संग्रह होय, असें मत वारंवार ऐकूं येतें. आम्हांस तें मान्य नाहीं. बोहीमियांतून आलेला वृद्ध शिमर्डा पहिल्याच हिवाळ्यांत स्वतःवर गोळी झाडून घेतो. शेजारच्या नॉर्वेजियनांच्या स्मशानभूमींत त्यास जागा मिळत नाहीं, म्हणून त्याच्याच जमिनीच्या कोपऱ्यांत त्याला पुरतात. पुढें तेथून रस्ते जातात, ते त्या थडग्याला बगल देऊन. खानेसुमारीच्या कागदावर ज्याची नोंद ‘एक कमी’ एवढीच झाली असती, त्याच्यासाठीं रस्ता वांकतो! ग्रंथाचें सारें सामर्थ्य आम्हांस या एका वळणांत दिसतें. येथें माणसें मोजलेलीं नाहींत, ओळखलेलीं आहेत. मोलमजुरीस गांवांत आलेल्या परदेशी मुलींकडे प्रतिष्ठित घरें नाक मुरडून पाहतात. लेखिका त्यांनाच मध्यभागीं आणून बसविते.

तथापि या ओळखीलाही मर्यादा आहे. गांवाचें खरें नांव एका लाकोटा नायकाचें, कादंबरींतलें नांव सॉक जमातीच्या पुढाऱ्याचें. परंतु त्या मूळ रहिवाशांपैकीं एकही मनुष्य या वस्तींत नाहीं. पॉनी लोकांना नेब्रास्कांतून 1870 नंतरच्या कांहीं वर्षांतच दक्षिणेकडे जावें लागलें. 1883 सालीं नऊ वर्षांची कॅथर तेथें आली, तेव्हां ती घटना अगदीं ताजी होती. कादंबरींत त्यांची खूण उरते ती गवतांतील एका वर्तुळापुरती. हिम पडलें म्हणजे तें स्पष्ट दिसतें, आणि निवेदक त्याच्या सौंदर्यावर लुब्ध होतो. घोडे दौडविणारे ते स्वार कोठें गेले, हा प्रश्न मात्र त्याच्या मनाला शिवत नाहीं. ज्या लेखणीनें एका परक्यासाठीं रस्ता वांकविला, तिनें हा प्रश्न टाळावा, हें आम्हांस ग्रंथाचें मोठें वैगुण्य वाटतें.

दुसरी गोष्ट निवेदकाची. जिम बर्डन हा रेल्वे कंपनीचा वकील. मागल्या भेटीनंतर वीस वर्षें लोटल्यावर तो आन्तोनियाला भेटावयास येतो. तिचें मुलांनीं गजबजलेलें घर पाहून तो कृतार्थ होतो, आणि परत जातो. लेखिकाही 1896 सालीं नेब्रास्का सोडून गेली. तिची समाधि दूर न्यू हॅम्पशायरमध्यें आहे. गांवाची गोडी गांव सोडलेल्यानें गावी आणि कष्ट मागें राहिलेल्यानें करावे, ही विभागणी कादंबरी दाखविते. तिच्याविषयीं अस्वस्थ मात्र होत नाहीं.

आमच्याकडेही खेड्याचें वर्णन बहुधा शहरांतल्या मेजावरच लिहिलें जातें, आणि आम्हीही त्याच मेजावर हें लिहीत आहों. म्हणून या ग्रंथाचा दोष दाखवितांना आमचा स्वर चढत नाहीं. वाचकांनीं तो अवश्य वाचावा. मात्र मिटण्यापूर्वीं त्या वस्तीची शिरगणती एकदां स्वतः करून पाहावी. कोण मोजला गेला, कोण राहिला, आणि मोजणारा कोठें उभा होता, हें कळल्याखेरीज कोणत्याही गांवाचें वाचन पुरें होत नाहीं.