नावेतला संसार आणि वानप्रस्थ

इंग्रजी प्रवासवर्णनांत गेल्या काही दशकांत एक लहानसा प्रकार चांगलाच रुजला आहे. व्यवसायातून मोकळे झालेले एखादे जोडपे लांबट, अरुंद नावेत बिऱ्हाड मांडते, देशातील जुन्या कालव्यांतून महिनोन्‌महिने हिंडते आणि मग त्या हिंडण्याचे पुस्तक लिहिते. आपल्याकडील वाचक अशा पुस्तकास सहजच वानप्रस्थाचे वाङ्मय म्हणून मोकळा होतो. हे नामकरण आम्हांस मान्य नाही.

वानप्रस्थी घर सोडतो. इंदुराकडील मराठी मंडळींस नर्मदेच्या परिक्रमेचा चांगला परिचय आहे. परिक्रमावासी पाण्याच्या काठाने चालतो, पण घर मागे टाकून. दोन प्रहरची भाकरी आणि रात्रीचा निवारा तो दुसऱ्याच्या हातून स्वीकारतो. कालव्यावरील निवृत्त गृहस्थ ह्याच्या अगदी उलट वागतो. शेगडी, किटली, अंथरूण, पुस्तके आणि बहुधा एक कुत्रा एवढे सारे तो बरोबर घेतो. संसार सोडणे राहिले बाजूला, तो संसार सात फूट रुंदीत बसवून दाखवतो! तेव्हा ह्या पुस्तकांची परीक्षा विरक्तीच्या निकषावर करणे व्यर्थ आहे. गृहस्थाश्रमाच्याच निकषावर ती केली पाहिजे.

ह्या परंपरेच्या मुळाशी एल. टी. सी. रोल्ट ह्यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आहे. १९३९ च्या उन्हाळ्यात रोल्ट आपल्या पत्नीसह ‘क्रेसी’ नावाच्या नावेतून बॅनबरीहून निघाले. पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. प्रवासाला निघाले तेव्हा ते निवृत्त तर नव्हतेच, तिशीच्या आतलेच होते. तरीही पुढील सर्व निवृत्तांनी त्यांचाच कित्ता गिरवला. रोल्ट मूळचे यंत्रविद्येतले. त्यामुळे ‘लॉक’ म्हणजे नाव वर चढविणारी वा खाली उतरविणारी दुहेरी दारांची पाणकोठी कशी चालते, हे ते कौतुकाने आणि अचूक सांगतात. पण त्यांची दृष्टी दारांपाशीच थांबत नाही. मालवाहू नावांवर जन्मून तेथेच वाढलेली माणसे त्यांना दिसतात. रेल्वेच्या चढाओढीने भाडी घसरली, तेव्हा काठावरचे घर परवडेनासे होऊन अनेक नावाडी कुटुंबे नावेवर राहावयास आली. सत्तर फुटांची नाव, तीत वीस-पंचवीस टन कोळसा, आणि मागे जेमतेम दहा फुटांची खोली. तीतच आईबाप व मुले! आजचा निवृत्त मनुष्य ज्या भागात दिवाणखाना व शेजघर थाटतो, तेथे एके काळी हा कोळसा असे. ह्या एका गोष्टीची जाणीव पुस्तकात आहे की नाही, हे आम्ही प्रथम पाहतो. पुष्कळ पुस्तकांत ती नसते. तेथे मग बदके, विलो वृक्ष आणि संध्याकाळचे मद्य एवढेच उरते.

पुस्तक वाचून रॉबर्ट एकमन रोल्टना टार्डेबिग येथे भेटले आणि १९४६ साली कालव्यांच्या रक्षणासाठी संस्था निघाली. टार्डेबिगला सव्वादोन मैलांत तीस लॉक लागतात आणि नाव दोनशे वीस फूट चढते. प्रत्येक दार पाठ लावून ढकलावयाचे, प्रत्येक झडप हाताने फिरवावयाची. साठी उलटलेल्या गुडघ्यांनी हे करावयाचे असते. हे वाङ्मय आरामखुर्चीतले आहे असे म्हणणाऱ्यांनी एवढा हिशेब ध्यानी घ्यावा.

निवृत्तांच्या पुस्तकांत आम्ही टेरी डार्लिंग्टन ह्यांच्या ‘नॅरो डॉग टु कार्कासोन’ (२००५) ह्या पुस्तकास वरचे स्थान देतो. स्टोन गावचे हे पतिपत्नी ‘फिलिस मे’ नावाच्या नावेतून, जाणकारांचा इशारा न मानता, इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या कालव्यांत उतरले. संगतीला जिम नावाचा कुत्रा, त्याला नौकाविहाराचा मनस्वी तिटकारा! लेखकाने स्वतःची भीती कुत्र्याच्या अंगावर टाकून मोठ्या खुबीने सांगितली आहे. विनोद कधीकधी ओढूनताणून येतो, फ्रेंच माणसे थोडी नाटकी वाटतात. पण पतिपत्नींची कुरबूर व समजूत अस्सल उतरली आहे. अरुंद जागेत रुसून जावे तरी कोठे?

एका बाबतीत मात्र हा सारा प्रकार आम्हांस अपुरा वाटतो. इंग्लंडातील १९९५ च्या कायद्यान्वये, ज्या नावेस कायमचा धक्का नाही, तिला एका जागी सलग चौदा दिवसांहून अधिक सहसा थांबता येत नाही. धडधाकट जोडप्यास हा नियम फिरण्याचे निमित्त वाटतो. दोघांतील एकाने अंथरूण धरले, किंवा एकच मागे उरला, म्हणजे त्याच नियमाचा अर्थ बदलतो. ठरलेला वैद्य नाही, पत्त्याची अडचण, आणि दार ढकलावयास दुसरे माणूस नाही. उतारवयाच्या वाङ्मयाने हा प्रसंग टाळावा, हे गृहस्थाश्रमाच्या निकषावरही क्षम्य नाही. रोल्टचे अनुकरण करणाऱ्यांनी त्यांची संथ गती उचलली, त्यांची चौकस नजर उचलली नाही.

डार्लिंग्टन ह्यांच्यापुरते एवढे नमूद केले पाहिजे की, २००९ साली ‘फिलिस मे’ आगीत भस्मसात झाली. खऱ्या वानप्रस्थ्याने त्यात संकेत पाहिला असता. ह्या दांपत्याने दुसरी नाव घेतली, तिला तेच नाव दिले, आणि २०१२ साली तिसरे पुस्तक प्रसिद्ध झाले.