अंधेरीच्या मैदानांतील एक मायना

जुन्या कागदांचा व्यासंग असणारास मायन्याचें महत्त्व सांगावयास नको. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' कोणास लिहावें, 'आशीर्वाद' कोणीं द्यावा आणि 'विज्ञापना' कोणीं करावी, यावरून उभय पक्षांचा दर्जा ठरतो. मजकूर वाचण्यापूर्वींच अर्धें राजकारण कळून येतें. हीच दृष्टि एका अर्वाचीन कागदाकडे वळवावी, एवढाच या टिपणाचा हेतु आहे. तो कागद म्हणजे अंधेरी येथील एका फुटबॉल सामन्याची नोंद.

ता. २० जानेवारी २०२२ रोजीं, आशियाई महिला चषकाच्या स्पर्धेंत, अंधेरी पश्चिमेच्या क्रीडासंकुलांत चीनच्या संघानें तैवानांतून आलेल्या संघावर चार विरुद्ध शून्य अशी मात केली. परंतु अधिकृत नोंदींत 'तैवान' हा शब्द नाहीं. तेथें 'चायनीज तैपेई' असें आहे. विजयी संघाचेंही नांव नुसतें 'चीन' नसून 'चीन पी. आर.', म्हणजे चिनी लोकप्रजासत्ताक, असें आहे. दोन्ही संघ चीनच्या नांवाशीं बांधलेले, आणि निर्विशेषण 'चीन' मैदानांत कोणीच नाहीं! (मैदानाचीही तीच तऱ्हा: संकुलास शहाजीराजे भोसले यांचें नांव, नोंदींत मात्र 'मुंबई फुटबॉल अरीना'.)

हें नांव सहज पडलेलें नाहीं. १९४९ च्या यादवीनंतर बीजिंग व तैपेई येथील दोन्ही सरकारें सबंध चीनचा वारसा सांगूं लागलीं. १९५८ त बीजिंग ऑलिंपिक चळवळींतून बाहेर पडलें. १९७६ त 'चिनी प्रजासत्ताक' या नांवानें खेळूं देण्यास कॅनडानें नकार दिला, म्हणून तैपेईच्या संघानें माँट्रियलच्या स्पर्धेंतून अंग काढून घेतलें. पुढें १९७९ चा नागोया येथील ठराव व १९८१ चा लोझान येथील करार यांनीं 'चायनीज तैपेई' हें नांव, वेगळें निशाण आणि राष्ट्रगीताऐवजीं ध्वजगीत अशी तडजोड ठरली. तरीही वाद मिटला नाहीं. इंग्रजी 'चायनीज' या शब्दाचें चिनी भाषेंत रूप काय करावें? बीजिंगचा आग्रह 'झोंगग्वो', म्हणजे चीन हें राज्य, या शब्दाचा; तैपेईचा आग्रह 'झोंगह्वा', म्हणजे चिनी लोक व त्यांची संस्कृति, या शब्दाचा. १९८९ च्या एप्रिलांत हाँगकाँग येथें क्रीडाप्रसंगापुरता दुसरा शब्द मान्य झाला. एका विशेषणासाठीं आठ वर्षें! आमच्या तहनाम्यांच्या अभ्यासकांस यांत नवल वाटणार नाहीं. कंपनी सरकार १८३५ पर्यंत शहा आलमच्या नांवाचा रुपया पाडीत होतें, आणि तो बादशहा तर १८०६ तच वारला होता.

आतां आमच्या मराठी लेखनाकडे वळूं. वृत्तपत्रें कधीं 'तैवान' लिहितात, कधीं 'चायनीज तैपेई'. पहिल्यानें बातमी सुबोध होते हें खरें. पण करारच पुसला जातो, आणि पन्नास वर्षांनीं तें कात्रण चाळणारास संघ स्वतःच्या नांवानेंच उतरला होता असें वाटेल. कोणी भाषाप्रेमानें 'चिनी तैपेई' करील, तर वाचणारा 'चीनचें तैपेई' असाच अर्थ घेईल. म्हणजे जो शब्द तैपेईनें नाकारला तोच आपण नकळत तिच्या गळ्यांत घालूं. आमचें मत असें कीं, 'चायनीज तैपेई' हेंच रूप जसेंच्या तसें ठेवावें व 'तैवानचा संघ' असा खुलासा शेजारीं द्यावा.

याहून मोठा दोष विजेत्यांच्या कोष्टकांत आहे. या संघानें १९७७ पासून सलग तीन वेळां आशियाई महिला अजिंक्यपद मिळविलें, आणि हल्लींच्या याद्यांत तेथें 'चायनीज तैपेई' असें छापलेलें असतें. १९७७ त तें नांव ठरलेंच नव्हतें! दस्तऐवजांत अशी मागाहून झालेली दुरुस्ती आढळली असती तर आपण ती 'दुसऱ्या हातची' म्हणून तत्काळ टिपली असती.

खेळानें राष्ट्रें जवळ येतात, हें वाक्य अशा प्रसंगीं हमखास लिहिलें जातें. ता. १ जून २०१८ रोजीं याच अंधेरींत भारतानें याच नांवाच्या पुरुष संघाचा पांच विरुद्ध शून्य असा पराभव केला. चर्चा झाली ती सुनील छेत्री यांच्या तीन गोलांची व अवघ्या २,५६९ प्रेक्षकांची, आणि ती योग्यच होती. परंतु पाहुण्यांच्या घरीं त्याच वर्षीं या नांवाचा प्रश्न पेटलेला होता. जुलैंत ताइचुंग शहराचा युवक क्रीडास्पर्धा भरविण्याचा मान काढून घेण्यांत आला. नोव्हेंबरांत 'तैवान' या नांवानें टोकियोस जावें असा प्रस्ताव लोकमतास टाकला असतां तो फेटाळला गेला. नांव बदलल्यास मैदानच गमवावें लागेल ही भीति कित्येक खेळाडूंनीं बोलून दाखविली होती. जवळीक म्हणावी ती ही: उतरावयास जागा मिळते, नांव दाराशीं ठेवावें लागतें. आम्ही या सौद्यास तुच्छ लेखीत नाहीं. त्यावांचून अंधेरीचा सामनाच झाला नसता.

आपला देशही या मायन्याबाहेर नाहीं. बीजिंगच्या सरकारास भारतानें १९४९ च्या डिसेंबरांतच मान्यता दिली. १९९५ पासून तैपेई येथें आपलें जें कार्यालय आहे त्याचें नांव 'इंडिया-तैपेई असोसिएशन'. आणि २०२४ च्या ऑक्टोबरांत मुंबईस तैवानचें जें कार्यालय उघडलें, त्याच्या नांवांतही देशाचा उल्लेख नाहीं: 'तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र'.