मस्टरवरून नकाशावर

महाराष्ट्राच्या १९७७च्या रोजगार हमी कायद्याने मजुराला कामाचा हक्क दिला. त्या कामाचा पुरावा म्हणजे मस्टर. बोगस हजेरीने मस्टर डागाळले. म्हणून १ जानेवारी २०२३पासून मनरेगात, वैयक्तिक लाभाची कामे वगळता, दिवसातून दोनदा अक्षांश-रेखांशांसह छायाचित्र ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. हेतू रास्त, तर्क अपुरा. मातीकामाची मजुरी मोजमापावर ठरते. छायाचित्र फक्त उपस्थिती सांगते. शिवाय महामार्गावरच्या नांदगाव पेठेला सहज मिळणारी रेंज त्याच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटच्या दऱ्यांत हरवते. छायाचित्र चढले नाही, तर घाम गाळूनही खाडा मजुराचाच. जुन्या मस्टरवर निदान त्याचा अंगठा असे. नव्या नोंदीत तोही नाही. नकाशा मजुराची साक्ष घेईल, तेव्हाच हमी खरी.