‘पाळीपूर्व’ या विशेषणाची चिकित्सा

वैद्यकातील एखादी संज्ञा मराठीत आणताना आपण बहुधा तिच्या घटकांचे प्रतिशब्द शोधतो. ती ज्या विचारातून घडली तो विचार आज टिकून आहे किंवा काय, हे तपासत नाही. मासिक चक्राशी निगडित अशा तीव्र मनोविकारासाठी इंग्रजीत ‘प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसॉर्डर’ ही संज्ञा रूढ आहे. तिच्या मराठीकरणाच्या निमित्ताने मूळ नामकरणाची परीक्षा करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

१९३१ साली रॉबर्ट फ्रँक यांनी या अवस्थेस ‘पाळीपूर्व ताण’ म्हटले आणि तिचे कारण अंडाशयाच्या संप्रेरकाच्या आधिक्यात शोधले. १९५३ साली रेमंड ग्रीन व कॅथरिना डाल्टन यांनी ताण हे अनेक लक्षणांपैकी केवळ एक आहे असे सांगून ‘लक्षणसमुच्चय’ हा शब्द योजिला. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ही व्याधी १९८७ साली परिशिष्टात आली, १९९४ साली तिला आजचे नाव मिळाले आणि २०१३ साली अवसादविकारांच्या प्रकरणात तिला स्थान लाभले. ताण, समुच्चय, विकार अशी नामे बदलत गेली. कालवाचकता मात्र हटली नाही.

आक्षेप आहे तो येथेच. ‘पूर्व’ हे पद केवळ काळ सांगते, परंतु वाचणारा त्यातून कारण समजतो : संप्रेरके वाढली, म्हणून मन बिघडले. १९९८ साली पीटर श्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने हा समज खोडून काढला. औषधाने अंडाशयाचे कार्य थांबविताच अनेक रुग्ण स्त्रियांची लक्षणे ओसरली. पुढे नेहमीच्या प्रमाणात इस्ट्रोजेन वा प्रोजेस्टेरॉन देताच ती परतली. ज्यांना हा त्रास पूर्वी नव्हता, त्यांच्या मनःस्थितीवर त्याच संप्रेरकांचा तसा परिणाम झाला नाही. म्हणजे भेद संप्रेरकाच्या प्रमाणात नसून त्याला मेंदूकडून मिळणाऱ्या प्रतिसादात आहे. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारे अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन मेंदूतील ‘गाबा’ ग्राहकांवर कार्य करते. या कार्यातील फरकाकडे आज संशोधकांचे विशेष लक्ष आहे.

मराठीत अडचण आणखी वाढते. ‘बाहेरची होणे’, ‘दूर बसणे’, ‘कावळा शिवणे’ हे आपले परंपरागत शब्दप्रयोग स्पर्श व स्थान यांविषयीचे आहेत आणि ते स्रावाच्या दिवसांना लागू पडतात. त्याआधीच्या दिवसांतील मनाच्या यातनेस त्यांत नाव नाही. ती स्त्रीच्या ‘स्वभावा’त जमा होते. शिवाय ‘मनोविकार’ हा शब्द जुन्या गद्यात राग, लोभ, भय अशा स्वाभाविक भावनांना लावीत. आज तो रोगवाचक आहे. एकाच शब्दात स्वभाव व व्याधी या दोन्ही छटा नांदत असल्याने अनुवादकाने येथे विशेष सावध राहावयास हवे.

‘डिस्फोरिक’ या पदाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘सोसण्यास कठीण’ असा आहे. व्युत्पत्तीने त्याचा सगोत्र शब्द ‘दुर्भर’ होय. परंतु तो मराठीत ‘भरण्यास कठीण’ या अर्थाकडे झुकतो. म्हणून अर्थदृष्ट्या ‘दुःसह’ हा शब्दच योग्य ठरतो. विशेषणाच्या बाबतीत मराठी भाग्यवान आहे. ‘पाळी’ म्हणजे आवर्तन. नुसत्या ‘पूर्व’पेक्षा तेच व्याधीचे खरे लक्षण होय. यास्तव ‘पाळीबद्ध दुःसह भावविकार’ असा पर्याय सुचवावासा वाटतो.

हा केवळ शब्दांचा खल नव्हे. निश्चित निदानासाठी लक्षणांची दैनंदिन नोंद किमान दोन चक्रे ठेवावी लागते आणि पाळीनंतरच्या आठवड्यात ती लक्षणे जवळजवळ मावळलेली असावी लागतात. ‘पूर्व’ एवढ्यावरच भिस्त ठेवली, तर पाळीआधीचा स्त्रीचा प्रत्येक न्याय्य संताप रोग ठरेल. उलट, जिला जगणे नकोसे झाले आहे तिला ‘हे सर्वांनाच होते’ असे सांगून परत पाठविले जाईल. या दोन्ही अन्यायांस वाव न देणारी संज्ञाच पारिभाषिक म्हणण्यास पात्र आहे.