पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ : एक परीक्षण

बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रांत वैद्यनाथाचें स्थान सांगतांना एका पाठांत परळीचें नांव येतें, तर दुसऱ्यांत चिताभूमीचें. या एका पदावर आमचें परळी वैजनाथ व झारखंडांतील देवघर या दोन क्षेत्रांचा वाद उभा आहे. आमचा कल कोणीकडे, हें सांगावयास नको. परंतु हा वाद ऐकत वाढलेल्या मनुष्यास एक गोष्ट लवकर कळते. ग्रंथास प्रमाण मानणारांचे मतभेद ग्रंथ हातीं घेतल्यानें मिटत नाहींत. पुष्कळदां ते तेथूनच सुरू होतात. हाच अनुभव एका निराळ्या दप्तराविषयीं येतो, व त्याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

ख्रिस्ती कागद हातीं आले म्हणजे त्यांवर ‘मिशनरी’ एवढाच शेरा मारून सर्वांचा एक रुमाल बांधण्याची चाल आमच्या संग्राहकांत आहे. ती चुकीची आहे. श्रीरामपुरास १८११ सालीं मराठी नवा करार छापणारे केरी बाप्तिस्तपंथी होते. १८१३ सालीं मुंबईस उतरलेले अमेरिकन काँग्रिगेशनल होते. १८२३ सालीं बाणकोटास आलेले स्कॉटिश प्रेस्बिटेरियन होते. आमच्या शेजारीं जालन्यास नारायण शेषाद्रि यांनीं जें काम केलें तें स्कॉटिश मिशनचें, आणि नगरास चालें तें अमेरिकनांचें. मिशनांनीं आपसांत मुलूख वांटून घेतल्यामुळें गांवच्या ख्रिस्ती मंडळीचा पंथ पुष्कळदां श्रद्धेपेक्षां या वांटणीनेंच ठरला.

हे सर्व सुवार्तावादी खरे. डेव्हिड बेबिंग्टन या इंग्रज इतिहासकारानें १८ व्या शतकापासूनच्या या संप्रदायाचीं चार लक्षणें १९८९ सालीं सांगितलीं आहेत : मनःपरिवर्तनाचा आग्रह, बायबलाचें प्रामाण्य, वधस्तंभावरील प्रायश्चित्तास दिलेलें मध्यवर्ती स्थान आणि प्रचाराची व सेवेची तळमळ. परंतु या चौकटीच्या आंत भेद अनेक आहेत. ‘बाप्तिस्मा’ हा एकच शब्द पाहावा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘बुडविणें’ असाच करावा, असें बाप्तिस्तांचें म्हणणें. डोक्यावर पाणी शिंपडणारांस तें अमान्य. बंगाली भाषांतरांत बाप्तिस्तांनीं बुडविण्याचा शब्द घातला, तेव्हां इंग्लंडांतील बायबल सोसायटीनें त्यास मदत नाकारली. मराठींत ग्रीक शब्दच मराठी वळणानें रूढ झाला. त्यामुळें दोन्ही पक्षांस तो वाचतां आला. न केलेलें भाषांतरही पुरावा असतो, तो असा.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. रमाबाईंनीं १९०७ सालीं ‘अ टेस्टिमनी’, म्हणजे ‘साक्ष’, हें लहानसें इंग्रजी आत्मवृत्त लिहिलें. पुस्तक लहान, परंतु मोलाचें. इंग्लंड-अमेरिकेंत त्यांस जे पंथ भेटले त्यांची यादी त्यांनीं दिली आहे. उच्च व निम्न इंग्लिश चर्च, बाप्तिस्त, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथॉलिक, शिवाय थिऑसफिस्ट व मॉर्मनही. ख्रिस्ती देशांत मतांचा हा गलबला पाहून आपण गोंधळून गेलों, हें त्या लपवीत नाहींत. पुढें, बाप्तिस्मा झाल्यावर सुमारें आठ वर्षांनीं, ख्रिस्ताचा प्रत्यक्ष अनुभव आपणांस आला. तोंवर धर्म स्वीकारला होता, पण तारक भेटला नव्हता, असा त्यांच्या कथनाचा रोख आहे.

या कथनावर आमचा आक्षेप लेखिकेच्या सचोटीविषयीं नाहीं. तो कालाविषयीं आहे. ‘साक्ष’ लिहिली १९०७ सालीं. वाँटेज येथील बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ चा. मध्यें चोवीस वर्षें गेलीं, आणि १९०५ सालीं केडगांवच्या मुक्तिमिशनांत मोठी धर्मजागृति झाली. त्या जागृतीच्या प्रकाशांत मागील सर्व आयुष्य पाहिलें गेलें. शिवाय मनःपरिवर्तनाच्या कथेचा एक सांचा असतो : आधीं अंधार, मग उजेड. बाबा पदमनजींनीं आपल्या आत्मचरित्रास ‘अरुणोदय’ हें नांव दिलें, त्यांतच हा सांचा दिसतो. असा लेख लिहिणाराच्या तत्कालीन श्रद्धेविषयीं प्रथम दर्जाचा, परंतु वर्णिलेल्या काळाविषयीं दुय्यम दर्जाचा पुरावा होय.

त्या काळचा पुरावा रमाबाईंच्या पत्रांत आहे. इंग्लंडांतील वास्तव्यांत सिस्टर जेराल्डिन व डोरोथिया बील यांच्याशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यांत गोंधळलेली बाई दिसत नाहीं. वाद करणारी पंडिता दिसते. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांस पटत नव्हता, आणि एक पुरोहितवर्ग सोडून दुसऱ्याचें जोखड मानेवर घ्यावयास त्या तयार नव्हत्या. बायबल त्यांनीं प्रमाण मानलें, पण त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याकडे ठेवला. हा वाद ‘साक्षें’त जवळजवळ बुजून गेला आहे. परंतु पत्रांविषयींही सावध राहिलें पाहिजे. हीं पत्रें जमविलीं खुद्द सिस्टर जेराल्डिन यांनीं, म्हणजे वादांतील प्रतिपक्षानें, आणि ए. बी. शहा यांच्या संपादनाखालीं तीं छापून निघालीं १९७७ सालीं. संग्राहकाचा हात कोठें फिरला आहे, हें पाहिल्यावांचून त्यांतील एकही कागद वापरूं नये.

दोन्ही पुरावे एकत्र ठेवले म्हणजे एक गांठ सुटते, असें आम्हांस वाटतें. १८९३ सालीं रानडे, भांडारकर आदि सुधारकांनीं शारदासदनाचें सल्लागार मंडळ सोडलें. ‘साक्षें’तील अनुभवाचा काल १८९१ च्या सुमारास येतो. सदनांतील वातावरण पालटलें त्यामागें बाहेरच्या मिशनऱ्यांची चिथावणी नसून चालिकेच्या अंतःकरणांतील हा पालट असावा, असें अनुमान यावरून निघतें. रमाबाईंस मिशनऱ्यांच्या हातचें बाहुलें म्हणणारे आमचे लोक, आणि त्यांस आपल्याच पंथाच्या ठरविणारे ख्रिस्ती चरित्रकार, दोघेही येथें चुकतात.

मुक्तिमिशनाची गोष्टही तशीच. तेथील जागृति लॉस एंजेलिसच्या १९०६ सालच्या प्रसिद्ध जागृतीच्या एक वर्ष आधींची आहे. तेथील मिनी एब्रम्स यांची त्या विषयावरील पुस्तिका चिलींतील मेथॉडिस्ट हूव्हर दांपत्याच्या हातीं पडली, आणि १९०९ सालीं तेथें पेंटेकोस्टल पंथ उभा राहिला. म्हणजे सर्व प्रवाह पश्चिमेकडून इकडे आले हें मत टिकत नाहीं. एक तरी केडगांवाहून तिकडे गेला. तसेंच परभाषा बोलणें हीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण, असा पुढें अनेक पेंटेकोस्टलांनीं धरलेला हट्ट रमाबाईंनीं धरला नाहीं. मूळ ग्रीक व हिब्रू शिकून त्यांनीं केलेलें साध्या मराठींतील बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ सालीं, मुक्तिमिशनांत छापून पुरें झालें. ना. वा. टिळकांनीं १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला, त्यांतही बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले यांस सारखीच जागा होती. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपुरास अनेक पंथ मिळून उत्तर भारतीय चर्च झालें. तरी एपिस्कोपल मेथॉडिस्ट बाहेरच राहिले. ऐक्य व भेद दोन्ही चालूच आहेत.

संग्राहकांस आमची विनंति एवढीच, कीं ‘मिशनरी’ हा शेरा पुसून प्रत्येक कागदावर पंथ, छापखाना, साल आणि तो कोणाच्या हातून आला हें टांचून ठेवावें. जुनाट पत्रकें रद्दींत जात आहेत. तीं गेल्यावर पाठ मिळविण्यास दुसरी प्रत उरणार नाहीं. पाठभेद आहे म्हणून परळीच्या वैजनाथाची वारी कोणी बंद केली नाहीं; आणि भेद नोंदल्यानें कोणाच्या श्रद्धेस उणेपणा येत नाहीं. न नोंदल्यानें मात्र इतिहासास येतो.