रिकाम्या जागेचे लिंग

लेनर्ड स्टर्न व रॉजर प्राइस यांना १९५३ मध्ये सुचलेला आणि १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आलेला ‘मॅड लिब्ज’ हा इंग्रजी खेळ समस्यापूर्तीच्या नेमका उलट आहे. समस्यापूर्तीत कवीला चरण ठाऊक असतो. विसंगतीला अर्थ देणे हे त्याचे कौशल्य. येथे वाक्य दडवून केवळ ‘नाम’ वा ‘विशेषण’ मागितले जाते. अर्थ मोडतो, व्याकरण टिकते. हसू त्यातूनच येते. मराठीत हे टिकणे अवघड. ‘आजीने हिरवी — शिजवली’ यात ‘घोडा’ आला, की विशेषण आणि क्रियापद दोन्ही बदलावी लागतात. वाचणारा संपादक होतो. रूपांतरकाराला ‘स्त्रीलिंगी नाम’ असेच मागावे लागते, आणि मग खेळाला प्रश्नपत्रिकेतील ‘गाळलेल्या जागां’चा वास येतो.